‘सुचत नाय’ कुठल्या रकान्यात लिहायचं?

पत्र: मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात केमोच्या डे-केअरमध्ये सात वर्षं काम केलं. सध्या एम.एस्सी. नर्सिंगला आहे आणि पोस्टिंगही तिथेच आहे. स्तनाच्या कॅन्सरचे डोस पूर्ण केलेल्या बायका फॉलोअपला आल्या की एकच गाऱ्हाणं सांगतात, ‘सिस्टर, काय सुचत नाय.’ एक मासळी विकते, ती बांगड्याचे वाटे लावते आणि किती विकले ते विसरते. देवगडकडच्या एकीने पाच डझनाच्या पेटीवर सहा डझन लिहून पेटी मुंबईला पाठवली. एक अंगणवाडी सेविका विचारते, नोकरी सोडू का? डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, ताणाचं आहे. मला प्रबंधाला हाच विषय हवा आहे. गाईड म्हणतात, एमएमएसई ही स्मरण-आकलनाची चाचणी घ्या, माहितीचा कार्यक्रम घ्या, पुन्हा एमएमएसई घ्या. ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही कळत नाही. आणि प्रबंध होईपर्यंत या बायकांना काय सांगू?

प्रिय सिस्टर,

तुम्हाला पटलं नाही ते योग्यच. एमएमएसई १९७५ साली आली ती स्मृतिभ्रंशासारखा ठळक बिघाड झटपट ओळखता यावा म्हणून. आज वार कोणता, जिल्हा कोणता, तीन शब्द ध्यानात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत चला, असे तीस गुण. केमो झालेली, दहावी-बारावी शिकलेली बाई यात एकोणतीस गुण मिळवते आणि घरी जाऊन गॅसवर दूध विसरते. शाळेत न गेलेल्या बाईचे गुण वाचा-लिहायच्या प्रश्नांवरच जातात. म्हणजे एकीत चाचणीला काहीच दिसत नाही आणि दुसरीत दिसते ती शाळा. त्यातून पुन्हा तीच चाचणी घेतली की दुसऱ्या वेळी गुण थोडे वाढतातच, कारण प्रश्न ओळखीचे झालेले असतात. मधे तुम्ही माहितीचा कार्यक्रम घेतला असेल तर श्रेय त्याला जातं. प्रबंध सुबक दिसतो आणि मासळीवालीचा हिशेब होता तिथेच राहतो. गाईडना हे तीन मुद्दे शांतपणे लिहून द्या. शिवाय एमएमएसईवर स्वामित्वहक्क आहे आणि वापरायला परवाना लागतो, हा मुद्दा प्रबंधाला मंजुरी देणाऱ्या कमिटीसमोर आपोआप वजन धरतो.

आता ‘वयाचं आहे’ याबद्दल. अमेरिकेत मिशेल जेनेलसिन्स आणि सहकाऱ्यांनी केलेला मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्तनाच्या कॅन्सरच्या ५८१ स्त्रिया होत्या आणि जवळपास त्याच वयाच्या, कॅन्सर नसलेल्या ३६४. केमोच्या आधी आणि केमो संपल्यावर दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारले. नजरेत भरण्याइतकी घसरण सांगणाऱ्या पहिल्या गटात ४५.२ टक्के निघाल्या, दुसऱ्यात १०.४ टक्के. केमो संपून सहा महिने झाल्यावरचे आकडे ३६.५ आणि १३.६. वय तर दोन्ही गटांचं सारखंच वाढलं होतं. डॉक्टरांशी बोलताना हा अभ्यास जवळ ठेवा. पण त्याची दुसरी बाजूही वाचा. कॅन्सर नसलेल्यांतही दहातल्या एकीने घसरण सांगितली, आणि केमो घेतलेल्यांत सहा महिन्यांनंतर निम्म्याहून जास्त जणींना तशी घसरण नव्हती. म्हणून वॉर्डात ‘केमोने डोकं जातं’ असं कुणाला बोलू देऊ नका. येणारी बाई आधीच घाबरलेली असते, आणि अशी वाक्यं गावभर फिरतात.

या विषयात नर्सिंगने स्वतःची अशी एक वाट शोधली आहे, ती तुमच्या कामाची आहे. मिशिगन विद्यापीठातल्या परिचारिका-संशोधक बर्नाडिन सिम्प्रिच यांनी स्मरणशक्तीऐवजी लक्ष हा धागा धरला. नको ते बाजूला सारून हवं त्यावर मन टिकवणं ही कष्टाची गोष्ट आहे, आणि काळजी, वेदना, नव्या माहितीचा मारा यांनी ही ताकद थकते. ती थकली की बाई ‘विसरते’. खरं तर ती गोष्ट डोक्यात नीट शिरलेलीच नसते. ही थकवण निदान झाल्यापासून, ऑपरेशनच्याही आधी सुरू झालेली असू शकते. तुमच्या प्रबंधासाठी याचा अर्थ एकच: पहिल्या डोसाच्या आधी मोजमाप नसेल तर नंतरच्या आकड्यावरून काही सांगता येणार नाही. नंतर गुण कमी आले तर ती घसरण कशाची? केमोची, ऑपरेशनची, की निदानाच्या आठवड्यापासून झोप उडाली त्याची? फॉलोअपला येणाऱ्या बायकांना एकदाच विचारून लिहिलेल्या प्रबंधात नेमकी हीच गाठ सुटत नाही.

मोजायचं कशाने? सिम्प्रिच यांचीच तेरा प्रश्नांची प्रश्नावली आहे, अटेन्शनल फंक्शन इंडेक्स. काम हाती घेणं, घेतलेलं तडीस नेणं, ठरवणं, समोरचा बोलतोय त्याकडे मन ठेवणं, दुसऱ्याशी धीराने वागणं, चुका होणं, महत्त्वाचं विसरणं, पटकन चिडणं असं ती विचारते. उत्तर शून्य ते दहा. बारकाव्यांवर मन लावणं किती जड जातं, चुका, विसर आणि चिडचिड विचारणारे शेवटचे चार प्रश्न उलटे मोजायचे असतात. बेरजेत सर्वांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून एक्सेलमध्ये त्या रकान्यांना आधीच वेगळा रंग द्या. दुसरं साधन फॅक्ट-कॉग ही प्रश्नावली. त्यात सदतीस प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, आणि ‘दुसऱ्यांनी तुम्हाला तसं बोलून दाखवलं का’ असा एक वेगळा भाग. साधन उत्तम आहे, पण सदतीस प्रश्न मोठ्याने वाचून विचारायचे म्हटलं तर तिसाव्या प्रश्नाला थकलेली बाई ‘तसंच लिवा’ म्हणते. तुमच्याकडे येणाऱ्यांत वाचता न येणाऱ्या बऱ्याच असतील, तर आमचं मत तेरा प्रश्नांच्या बाजूने आहे. दोन्हींसाठी मूळ हक्कधारकांची लेखी परवानगी घ्या. अर्ज आजच करा, उत्तर यायला दिवस जातात.

भाषांतरावर घाई करू नका, ते या प्रबंधाचं निम्मं काम आहे. इंग्रजीतून मराठीत दोघांनी वेगवेगळं करायचं, दोन्हींचा मेळ घालायचा, मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि कुठे अर्थ घसरला ते पाहायचं. एवढं बहुतेक प्रबंधांत होतं. पुढची पायरी मात्र गाळली जाते. आठ-दहा बायकांना प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, ‘यातून तुम्हाला काय विचारलंय असं वाटलं?’ ‘एकाग्रता’ म्हटलं तर एखादी पूजेबद्दल सांगेल. ‘नियोजन’ म्हटलं तर कुटुंबनियोजन समजेल. कुडाळ-मालवणकडची बाई ‘सुचत नाय’ म्हणते तेव्हा तिला आठवत नाही असं म्हणायचंय, ठरवता येत नाही असं, की मन लागत नाही असं? तिन्ही वेगळे प्रश्न आहेत आणि वेगळ्या रकान्यांत जातात. ‘इसारलंय’ म्हणाली तर मात्र ती विसरण्याबद्दलच बोलते आहे. तिचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा, परिशिष्टात द्या. तुमच्या प्रबंधातलं दुसऱ्या कुणाकडे नसलेलं धन ते असेल.

शून्य ते दहा ही रेघ कागदावर काढून दाखवली तर अनेकींना कळत नाही. दहा मोठी बटणं किंवा प्लास्टिकच्या सोंगट्या घ्या, ताटलीत ठेवा. ‘सगळं काम मनासारखं जमतं तर दहाही उचला, मुळीच जमत नाही तर एकही नको.’ काजूबिया घ्यायचा मोह होईल, पण केमोच्या वॉर्डात नको. प्रत्येकीनंतर स्पिरिटने पुसता येईल अशीच वस्तू हवी. उत्तर देण्याची रीत बदलली की तेही बदल म्हणून परवानगीच्या अर्जात लिहावं लागतं आणि पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचपणीत, तपासावं लागतं.

सोबत एक-दोन छोट्या प्रत्यक्ष चाचण्या ठेवा. इंटरनॅशनल कॉग्निशन अँड कॅन्सर टास्क फोर्स या गटाने २०११ साली तीन चाचण्या सुचवल्या: शब्दयादी पाठ करून नंतर आठवणं, ट्रेल मेकिंग (कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने रेघेने जोडणं), आणि एका अक्षराने सुरू होणारे शब्द मिनिटात सांगणं. ट्रेल मेकिंगच्या दुसऱ्या भागात आकडा-अक्षर-आकडा असं जोडायचं असतं, आणि अक्षरओळख कच्ची असेल तर तिथे पुन्हा शाळाच मोजली जाते. त्याऐवजी रंगांची कलर ट्रेल्स वापरता येते, आणि अक्षराऐवजी प्राण्यांची नावं विचारता येतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २००४ साली काढलेल्या चाचणीसंचात शब्दयादी, रंग आणि प्राण्यांची नावं हे तिन्ही आहे, आणि वय-शिक्षणानुसार भारतीय प्रमाणंही आहेत. मात्र या चाचण्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या देखरेखीत शिकूनच घ्यायच्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या सायकॉलॉजिस्टना सहमार्गदर्शक होण्याची विनंती करा.

बाई सांगते ते आणि चाचणी दाखवते ते बऱ्याचदा जुळत नाही. घाबरू नका, आणि बाईला खोटं तर मुळीच ठरवू नका. चाचणी बंद खोलीत होते, एका वेळी एकच काम असतं. बाजारात गिऱ्हाईक भाव पाडतंय, शेजारीण हाक मारतेय, मांजर टोपलीकडे बघतंय आणि त्यातच सुटे पैसे परत द्यायचेत. शिवाय मन खचलेलं असेल तर माणूस स्वतःच्या चुका मोठ्या करून सांगतो. त्यासाठी पीएचक्यू-९ ही उदासी मोजणारी प्रश्नावली घ्या. ती मोफत आहे, शून्य ते सत्तावीस गुणांची, दहा किंवा वर गुण आले तर पुढे तपासायला पाठवायचं. तिचा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. त्यावर शून्यापेक्षा वेगळं उत्तर आलं तर त्याच दिवशी, बाई रुग्णालयातून निघण्याआधी, कोण बघणार हे नावासह तुमच्या आराखड्यात लिहिलेलं हवं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकीच्या केस पेपरवर लिहून द्या.

वेळ चुकली तर बाकी सगळं बरोबर असून आकडे चुकतात. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाआधी ॲलर्जी होऊ नये म्हणून एव्हिल टोचलं की बाई पेंगते. डोसेटॅक्सेल असेल तर आदल्या दिवसापासून डेक्साच्या (स्टेरॉईडच्या) गोळ्या चालू होतात आणि त्या रात्री झोप लागत नाही. सलाईन लावून झाल्यावर ‘आता वेळ आहे, विचारून घेऊ’ हा सोयीचा वाटणारा क्षण मोजायला सर्वांत वाईट. पहिलं मोजमाप निदान सांगितल्याच्या दिवशी घेऊ नका, औषध द्यायला कातडीखाली पोर्ट बसवल्याच्या दिवशी नको, डेक्सा सुरू झाल्यावर नको. केमोआधीच्या रक्ततपासणीला बाई येते तो दिवस चांगला. पहाटेच्या एसटीने आलेलीला आधी चहा-बिस्कीट द्या, वीस मिनिटं बसू द्या. दुसऱ्या वेळीही तीच खोली, तोच सकाळचा वेळ, शक्यतो विचारणारी नर्सही तीच.

दुसरं मोजमाप शेवटच्या डोसानंतर तीन ते चार आठवड्यांनी. दर एकवीस दिवसांनी आठ डोस धरले तर पहिल्यापासून आठव्यापर्यंत एकवीस आठवडे जातात, म्हणजे दोन मोजमापांत साधारण सहा महिन्यांचं अंतर पडेल. नावं नोंदवायला सहा महिने धरा, म्हणजे माहिती गोळा व्हायला वर्ष. तुमच्या मुदतीत एवढंच बसतं. सहा महिन्यांनंतरचं तिसरं मोजमाप संमतीपत्रात आत्ताच लिहून ठेवा आणि प्रबंध दिल्यावर पूर्ण करा, ते सोडू नका.

किती बायका? एकाच बाईच्या आधीच्या आणि नंतरच्या गुणांत मध्यम, म्हणजे अर्ध्या प्रमाणित विचलनाएवढा (हे गुण किती पसरले आहेत त्याचं माप) फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर ३४ जणी शेवटपर्यंत हव्यात. पाचातली एक गळेल असं धरून ४३ जणींपासून सुरुवात करा. सरावाने वाढणारे गुण वेगळे काढायला तुलनेचा गट हवा, आणि तो तुमच्या दारात बसलेला आहे: सोबत आलेली जाऊ, नणंद, बहीण. वय आणि शिक्षण जवळपास तेच, गाव-घर तेच, पहाटेची एसटीही तीच. तिला कॅन्सर झालेला नाही आणि आईचं आजारपण वगैरे मोठं ओझं तिच्यावर सध्या नाही, एवढं पाहा. दोन गटांतला मध्यम फरक पक्का दाखवायला प्रत्येकी ६४ लागतात, ते तुम्हाला जमणार नाही. प्रत्येकी ३४ असल्या तर मोठा फरकच हाती लागेल, असं मर्यादांमध्ये सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही.

गळती का झाली ते मात्र काळजीने टिपा. मार्च ते मे आंब्याचा हंगाम, जून-जुलैत दरड आणि पाणी, मग गणपती. न आलेलीच्या नावापुढे फक्त ‘गैरहजर’ लिहून थांबू नका, कारण जी तारीखच विसरली ती तुमच्या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची बाई आहे. तिला वगळून काढलेली सरासरी सगळं आलबेल दाखवेल. आदल्या दिवशी फोन करा, आणि त्या गावच्या आशाताईंना आठवण करायला सांगता येईल का याची परवानगी बाईकडून आधीच घेऊन ठेवा.

प्रत्येकीच्या कागदावर वय, शाळेची वर्षं, रोजचं काम, औषधांची नावं आणि मात्रा, हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी-१२ जीवनसत्त्व, साखर, पाळी थांबली का आणि कधी, झोप, थकवा, आणि घरात चालू असलेली प्रत्येक गोळी लिहा. सर्दीची, झोपेची, हातापायाच्या मुंग्यांसाठी दिलेली गॅबापेंटिन-प्रीगॅबॅलिन, ॲमिट्रिप्टिलिन, या सगळ्या डोकं जड करतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ उतरू शकतं. यातलं काही सापडलं तर ते प्रबंधासाठी जपून ठेवायचं नसतं, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. कमी हिमोग्लोबिन किंवा सुस्त थायरॉईड दुरुस्त होतं, आणि त्याबरोबर डोकंही बरंच मोकळं होतं.

संमतीबद्दल एकच सांगतो, कारण इथे नेहमी ठेच लागते. घरच्यांनी बाईला ‘गाठ आहे’ एवढंच सांगितलेलं असतं आणि तुमच्या कागदावर मोठ्या अक्षरात कॅन्सर असतो. सही घ्यायच्या आधी, एकांतात, ‘तुम्हाला काय झालंय असं सांगितलंय?’ हे विचारा. तिला माहीत नसेल तर ते तुमच्या कागदातून कळता कामा नये. डॉक्टरांना सांगा, आणि तोवर तिला अभ्यासात घेऊ नका. नवऱ्याची सही तिच्या सहीच्या जागी चालत नाही.

गाईडना काहीतरी उपाय करून पाहिलेलाच हवा असेल, तर माहितीच्या कार्यक्रमापेक्षा सिम्प्रिच आणि रोनिस यांचा २००३ सालचा प्रयोग वाचायला द्या. नुकतंच निदान झालेल्या १५७ स्त्रिया होत्या. एका गटाला आठवड्याला एकूण १२० मिनिटं निसर्गाच्या सान्निध्यात घालवायला सांगितलं, घरच्या घरी, ऑपरेशनच्या आधीपासून. ऑपरेशननंतर त्या गटाची लक्ष देण्याची ताकद जास्त सावरली. कोकणात याला खर्च शून्य. पण असा प्रयोग करायचा तर तो क्लिनिकल ट्रायल ठरतो, आणि पहिली बाई घेण्याआधी सीटीआरआय या भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीत नोंदणी लागते, मागाहून होत नाही. पहिल्या प्रबंधात नुसतं नीट मोजा, असं आमचं मत.

या बायकांना मात्र प्रबंधाची वाट पाहायला लावू नका. आधी हे सांगा की हे खरं आहे, हे वेड नव्हे, स्मृतिभ्रंश नव्हे, आणि बहुतेकींचं हळूहळू सुधारतं. हे वाक्य सोबतच्या सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर बोला, कारण घरी ‘हिचं लक्षच नसतं’ हे तिला रोज ऐकावं लागतं. घरच्यांनी ‘सांग बघू, काल काय जेवलो?’ अशा परीक्षा घेऊ नयेत. त्याने फक्त धास्ती वाढते, आणि धास्तीने लक्ष आणखी उडतं.

मग रोजचं काम धरा. मासळीवालीला सांगा, वाटे लावतानाच मोजून तो आकडा टोपलीच्या झाकणावर खडूने लिहायचा, आणि एक वाटा गेला की लगेच एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. संध्याकाळी आठवून हिशेब करायचाच नाही. आंब्याच्या पेटीला: भरणारीने मोठ्याने डझन मोजायचे, झाकण लावण्याआधी पेटीवर आकडा टाकायचा, झाकण लावल्यावर नव्हे. मधे फोन आला तर भरणं थांबवून, हातातली पेटी पूर्ण करूनच बोलायचं. चुका बहुतेक अशा मधल्या खंडातच होतात. औषधं, चाव्या, चष्मा यांना एकच जागा, आणि ती घरातल्या कुणीही आवरायची नाही. वही एकच, कमरेला किंवा पिशवीत. तीन वह्या झाल्या की वही शोधण्यातच जीव जातो. गॅसवर काही ठेवलं की मोबाईलचा गजर लावायचा आणि मगच स्वयंपाकघराबाहेर पाऊल टाकायचं. डोक्याचं काम सकाळी, हाताचं दुपारनंतर.

१२० मिनिटं म्हणजे आठवड्यातून चार दिवस अर्धा तास. परसात, बागेत, समुद्रकिनाऱ्यावर, पावसात पडवीत बसूनही. पण त्या वेळात नारळ वेचणं नाही, गुरांमागे जाणं नाही, फोन नाही. कोकणातली बाई झाडांतच राहते, पण झाडांत ती कामालाच असते, म्हणून हे स्पष्ट सांगावं लागतं. चालणं वेगळं: दम थोडा लागेल पण बोलता येईल अशा गतीने, आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत हळूहळू वाढवत. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात ८७ जणींतल्या एका गटाला बारा आठवडे व्यायाम वाढवायला लावला, तेव्हा दुसऱ्या गटापेक्षा त्या गटाचा विचारांचा वेग जास्त सुधारला. इंडियाना विद्यापीठातल्या परिचारिका-संशोधक डायान व्हॉन आह यांनी २०१२ साली ८२ जणींवर स्मरणाचं आणि वेगाचं प्रशिक्षण तपासलं. जे शिकवलं त्यात सुधारणा झाली आणि दोन महिन्यांनीही दिसली. शब्दकोडं सोडवत बसणं म्हणजे ते प्रशिक्षण नव्हे. ज्या कामात अडतं, त्याच कामाचा सराव.

गोळ्यांबद्दल विचारतीलच. जिन्को बिलोबा या झाडाच्या पानांच्या साराची परीक्षा झालेली आहे: परिचारिका-संशोधक डेब्रा बार्टन यांच्या २०१३ सालच्या अभ्यासात १६६ स्त्रियांना केमोच्या काळात रोज दोनदा ६० मिलिग्रॅम जिन्को किंवा नुसती दिसायला तशी गोळी दिली, आणि फरक पडला नाही. हळदीचं सार आणि मिरीचं सार असलेल्या कॅप्सूल टॅमॉक्सिफेन या हार्मोनविरोधी गोळीचं रक्तातलं कामाचं रूप कमी करतात. आमटीतल्या हळदीला भ्यायचं कारण नाही, कॅप्सूल नको. ब्राह्मीसकट जे काही घेत असतील ते डॉक्टरांना दाखवायला लावा. टॅमॉक्सिफेनने एका डच अभ्यासात वर्षभरानंतर शब्दांच्या स्मरणावर परिणाम दिसला होता, हे खरं. तरी गोळी स्वतःहून बंद करायची नाही. ती कॅन्सर परत येऊ नये म्हणून आहे. त्रास असेल तर बदलाचं डॉक्टर ठरवतील. उदासीसाठी गोळी लागली तर लिहून देणाऱ्याला टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं सांगायचंच, कारण पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन तिच्या कामात आडव्या येतात.

हे सगळं बाजूला ठेवून बाईला तातडीने डॉक्टरांकडे न्यायची लक्षणं अशी: नवी आणि वाढत जाणारी डोकेदुखी, सकाळची उलटी, झटका, एका बाजूची कमजोरी, दोन-दोन दिसणं, तोल जाणं, किंवा दोन-चार दिवसांत वाढलेला गोंधळ. केमोनंतरचं धुकं असं धावत येत नाही.

अंगणवाडी सेविकेला राजीनामा आत्ता नको म्हणा. आधी तिचं हिमोग्लोबिन, टीएसएच, बी-१२ आणि झोप बघा. मुलांची वजनं घेऊन संध्याकाळी आठवून फोनमध्ये भरत असेल तर ते थांबवा. वजन झालं की त्याच क्षणी कागदावर, मदतनीस मोठ्याने वाचेल, ती लिहील, आणि फोनमधली नोंद मुलं गेल्यावर, दार लावून, एका बैठकीत. पर्यवेक्षिकेला काय सांगायचं, किती सांगायचं, हे तिचं तिने ठरवावं. ‘उपचार चालू आहेत, सहा महिने नोंदी पडताळून घेते आहे’ एवढंही पुरतं. आज तिच्याबरोबर तेरा प्रश्न घेऊन बसा, तारीख टाकून कागद केस पेपरला लावा. सहा महिन्यांनी पुन्हा बसा, दोन्ही कागद तिच्यापुढे शेजारी शेजारी ठेवा, आणि नोकरीचं तेव्हा तिला ठरवू द्या.